नाशिकच्या नोकरदारासाठी लिंक्डइन: शोध उत्तम, फीड सुमार

लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या सोशल नेटवर्कची दोन अंगं आहेत आणि ती वेगवेगळी तपासावी लागतात. एक म्हणजे डोळ्यांसमोर सतत सरकणारं फीड: पदोन्नतीचे फोटो, सत्कार, सुविचार. दुसरं अंग आपल्याला दिसतच नाही, कारण ते भरती करणाऱ्यांच्या स्क्रीनवर असतं. पुण्यात बसलेला रिक्रूटर ‘सीएमएम’ (पार्टची मापं तपासणारं यंत्र), ‘पीपीएपी’ (नव्या पार्टला ग्राहकाची मंजुरी मिळवण्याची प्रक्रिया), ‘नाशिक’ असे शब्द टाकतो आणि त्याच्यासमोर नावांची यादी येते. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे इथल्या इंजिनियरला नव्या नोकरीचा फोन येतो तो या यादीमुळे. पोस्टला किती लाइक पडले याचा त्या यादीशी फारसा संबंध नाही.

हे असं का, ते कंपनीच्या धंद्यात दडलेलं आहे. लिंक्डइन मे २००३ मध्ये सुरू झालं, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते २६.२ अब्ज डॉलरना विकत घ्यायचा करार केला. त्याच्या कमाईचा मोठा वाटा भरती करणाऱ्या कंपन्यांच्या वर्गणीतून येतो. त्यामुळे सगळ्यात घासूनपुसून बनवलेली गोष्ट म्हणजे त्यांचा शोध, आणि आपण त्या शोधातला माल. हे एकदा मान्य केलं की वेळ कुठे घालवायचा हे आपोआप ठरतं: नव्वद टक्के मेहनत प्रोफाइलच्या शब्दांवर, उरलेली पोस्टवर.

नाशिकसाठी याला जास्त महत्त्व आहे. इथल्या नोकऱ्या अजूनही ओळखीवर चालतात. एका प्लँटमधला सुपरवायझर शेजारच्या प्लँटमध्ये शब्द टाकतो, काम होतं. पण ती ओळख त्र्यंबक रोड ते सिन्नर एवढ्याच परिघात पुरते. मोठ्या कंपन्यांची भरती पुणे, मुंबई, बेंगळुरूच्या कार्यालयांतून चालते आणि तिथल्या माणसाला अंबडमधल्या चांगल्या टूल रूम इंजिनियरचं नाव कळायला दुसरी वाट नसते.

हेडलाइन: २२० अक्षरं, त्यातली पहिली पन्नास महत्त्वाची

नावाखालची ओळ रिकामी सोडली तर लिंक्डइन तिथं सध्याचं पदनाम आणि कंपनीचं नाव आपणच भरतं. नाशिकमधल्या असंख्य प्रोफाइलवर म्हणूनच ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’ किंवा ‘असिस्टंट मॅनेजर’ एवढंच दिसतं. या शब्दांनी कुणी शोधत नाही. ‘असिस्टंट मॅनेजर’ पेंट शॉपमध्येही असतो आणि कँटीनमध्येही.

मर्यादा २२० अक्षरांची आहे, पण मोबाइलवरच्या यादीत आणि कमेंटखाली सुरुवातीचा तुकडाच दिसतो. म्हणून प्रक्रिया आधी, पद नंतर, गाव शेवटी. नमुना असा: ‘सीएमएम प्रोग्रॅमिंग, पीपीएपी, एमएसए, एसपीसी | ट्रान्समिशन पार्ट्स | क्वालिटी इंजिनियर, ७ वर्षं | नाशिक’. इथं देवनागरीत दिलं असलं तरी प्रोफाइलवर हे इंग्रजीत, रोमन अक्षरांतच लिहायचं, कारण रिक्रूटर इंग्रजीत शोधतो. अ‍ॅपचे मेनू मराठीत करता येतात. ते खुशाल करावेत, पण हेडलाइन, अनुभव आणि स्किल्स मराठीत लिहिली तर ती शोधात येणार नाहीत.

कंपनीतलं पदनाम विचित्र असेल (‘ऑफिसर ग्रेड दोन’, ‘टीम मेंबर’), तर ते बदलू नये. ऑफर लेटरवर जे आहे तेच लिहून पुढे आडव्या रेघेनंतर सर्वमान्य नाव द्यावं: ‘टीम मेंबर – व्हीएमसी प्रोग्रॅमर’.

अनुभव: इथं सगळ्यात जास्त चुका होतात

पहिली चूक पेरोलची. नाशिकच्या मोठ्या कारखान्यांत बरेच जण कंत्राटदाराच्या पेरोलवर काम करतात. दिवसभर अंगात मोठ्या कंपनीचा युनिफॉर्म असतो, म्हणून प्रोफाइलवरही तिचंच नाव टाकलं जातं. पुढची कंपनी पार्श्वभूमी तपासणी करते तेव्हा यूएएन क्रमांकावरून पीएफची सर्व्हिस हिस्टरी पाहिली जाते आणि तिथं नाव निघतं कंत्राटदाराचं. काम खरं असतं, पण उमेदवार खोटं बोलला असा शेरा बसतो आणि ऑफर परत घेतली जाते. बरोबर पद्धत अशी: एम्प्लॉयर म्हणून कंत्राटदार कंपनीचं नाव, आणि खालच्या वर्णनाच्या पहिल्या ओळीत ‘कामाचं ठिकाण: अमुक कंपनी, सातपूर प्लँट’. मोठं नाव शोधातही येतं आणि कागदाशी मेळही बसतो.

दुसरी चूक तारखांची. लिंक्डइनवर महिना आणि वर्ष टाकावं लागतं. अंदाजाने टाकू नये. ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघडून रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख शेजारी ठेवावी आणि तेच महिने भरावेत. नोकरी सोडल्याची तारीख जुन्या कंपनीने भरलीच नसेल, तर ती आधी पोर्टलवरून नोंदवून घ्यावी.

तिसरी चूक वर्णनाची. ‘प्रॉडक्शन सांभाळलं, टीमचं नेतृत्व केलं’ या वाक्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. ज्याने शॉप फ्लोअर पाहिलाय तो यंत्र, मटेरियल, आकार आणि मानक विचारतो. तेच लिहावं. प्रेस शॉप असेल तर किती टनांच्या प्रेस, प्रोग्रेसिव्ह डाय की ट्रान्स्फर, शीटची जाडी किती. मशिनिंग असेल तर फॅनुक की सिमेन्स कंट्रोलर, चौथा अक्ष वापरलाय का, टॉलरन्स किती मायक्रॉनचा. स्विचगियर असेल तर पॅनल कोणत्या व्होल्टेजचे आणि चाचणी आयईसी ६२२७१ प्रमाणे की ६१४३९ प्रमाणे. वाहन उद्योगात आयएटीएफ १६९४९, विमानाच्या सुट्या भागांत एएस ९१०० हे शब्द आलेच पाहिजेत, कारण रिक्रूटरच्या हातातल्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये ते तसेच असतात.

सुधारणा सांगताना आकडा आणि उपाय दोन्ही हवेत. ‘सायकल टाइम ९२ सेकंदांवरून ७४ वर, फिक्स्चरमध्ये दोन पार्ट एकदम क्लॅम्प करून’ अशा एका ओळीवर मुलाखतीची पहिली दहा मिनिटं निघतात. ‘उत्पादकता वाढवली’ यावर कुणी प्रश्नही विचारत नाही. मात्र महिन्याला किती पार्ट निघतात हा आकडा लिहू नये. त्यावरून ग्राहकाचं शेड्यूल कळतं आणि ती कंपनीची गुप्त माहिती असते. टक्केवारी, सेकंद, पीपीएम (दहा लाखांत किती पार्ट खराब) चालतं.

‘अबाउट’ला २६०० अक्षरं मिळतात, पण न उघडता दिसतात त्या सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच. तिथं स्वभावाचं वर्णन नको. काय करता, कशावर करता, कुठे जायची तयारी आहे, नोटिस पीरियड किती, एवढं पुरे. नोटिस पीरियड लिहिल्याने निरर्थक फोन बरेच कमी होतात.

स्किल्स शंभरपर्यंत टाकता येतात. पंचवीस-तीसच्या पुढे जाऊ नये. प्रत्येक स्किल संबंधित नोकरीला जोडावं आणि सर्वांत महत्त्वाची पाच ‘अबाउट’खाली वर ठेवावीत. सहकाऱ्यांनी एका क्लिकवर दिलेल्या एंडोर्समेंटला फारशी किंमत नाही. लेखी रेकमेंडेशनला आहे, आणि त्यातही आपल्या साहेबापेक्षा ग्राहकाच्या सप्लायर क्वालिटी विभागातल्या माणसाने लिहिलेल्याला जास्त.

हे सगळे बदल करायच्या आधी सेटिंग्जमध्ये जाऊन प्रोफाइलमधले बदल नेटवर्कला कळवण्याचा पर्याय बंद करावा. नाहीतर नवं काही भरलं की ओळखीच्यांना सूचना जाऊ शकते, आणि साहेबांना संध्याकाळपर्यंत कळतं की हा गडी हालचाल करतोय.

ओपन टू वर्क, नाशिकच्या दृष्टीने

‘नोकरी शोधतोय’ हे सांगणाऱ्या या सोयीचे पर्याय दोन आहेत: फोटोभोवती हिरवी पट्टी, जी सगळ्यांना दिसते, किंवा फक्त रिक्रूटरना दिसणारी खूण. नोकरीत असणाऱ्याने दुसराच निवडावा. पण हा पर्याय पूर्ण बंदिस्त नाही. तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून माहिती लपवण्याचा लिंक्डइन प्रयत्न करतं, पूर्ण गोपनीयतेची हमी मात्र देत नाही. आणि नाशिकचं दुखणं वेगळंच आहे. इथं मोजक्या प्लेसमेंट कन्सल्टंटकडे बहुतेक युनिटची कामं असतात. तो कन्सल्टंट तुमच्या कंपनीचा कर्मचारी नसतो, त्यामुळे त्याला खूण दिसते, आणि तुमच्या मालकाशी त्याचं रोजचं बोलणं असतं. छोट्या, मालक स्वतः चालवतो अशा युनिटमध्ये असाल तर ही खूणही बंद ठेवून शब्दांच्या जोरावर सापडणं जास्त सुरक्षित.

खूण चालू केलीच, तर पाच पदनामं भरता येतात. पाचही वेगवेगळ्या शब्दांत द्यावीत: क्वालिटी इंजिनियर, सप्लायर क्वालिटी इंजिनियर, मेट्रॉलॉजी इंजिनियर असं. ठिकाणांत नाशिकबरोबर पुणे, चाकण, छत्रपती संभाजीनगर टाकावं. प्रोफाइलवरचं राहण्याचं ठिकाण खोटं पुणे करू नये. ‘उद्या प्रत्यक्ष भेटायला या’ असा फोन आला की पंचाईत होते.

माजी विद्यार्थ्यांचा शोध: या सेवेतला सर्वांत कमी वापरला जाणारा खजिना

के. के. वाघ, मविप्रचं अभियांत्रिकी महाविद्यालय, संदीप, एचपीटी, बीवायके: तुमचं कॉलेज कोणतंही असो, लिंक्डइनवर त्याचं पान उघडावं आणि ‘अ‍ॅलम्नाय’ या टॅबवर जावं. तिथं राहण्याचं ठिकाण, कंपनी, कामाचा प्रकार, शिक्षणाचा विषय असे गाळणे लावता येतात. ठिकाण ‘पुणे’, काम ‘क्वालिटी’ लावलं की सीनियर बॅचची माणसं समोर येतात. ठिकाण ‘जर्मनी’ लावलं तरी येतात. हे संगणकावर करावं, मोबाइलपेक्षा बरंच सोपं जातं.

आमंत्रणासोबत चिठ्ठी पाठवायची सोय फुकट खात्यात महिन्याला मोजक्याच वेळा मिळते आणि तिलाही साधारण २०० अक्षरांची मर्यादा. ती कॉलेजच्या सीनियरसाठी राखून ठेवावी. बाकीच्यांना चिठ्ठीविना आमंत्रण द्यावं आणि त्यांनी स्वीकारल्यावर मेसेज लिहावा. चिठ्ठीत नोकरी मागू नये. असं काहीतरी:

‘नमस्कार सर, मी के. के. वाघ, मेकॅनिकल, २०१९ बॅच. सध्या अंबडला सीएमएमवर आहे. सप्लायर क्वालिटीकडे वळायचंय. आयएटीएफ ऑडिटरचा कोर्स आधी करावा की कोअर टूल्सचा? तुमचा सल्ला मोलाचा ठरेल.’

एकच प्रश्न, ज्याचं उत्तर दोन ओळींत देता येतं. नाशिकचा माणूस पुण्यात वरच्या जागी असला तरी अशा प्रश्नाला बहुधा उत्तर देतो. ‘सर, काही ओपनिंग असेल तर सांगा, सीव्ही जोडतोय’ या मेसेजला त्याच्याकडेही उत्तर नसतं, म्हणून तो गप्प बसतो. उत्तर आल्यावर सल्ल्याप्रमाणे काय केलं ते दोन महिन्यांनी कळवावं. रेफरल मिळतो तो त्यानंतर.

एका दमात खूप आमंत्रणं पाठवू नयेत. न स्वीकारलेल्यांचा ढीग साठला की लिंक्डइन आमंत्रणांवर बंधन आणतं. आणि पाठवलेलं आमंत्रण मागे घेतलं, तर त्याच व्यक्तीला तीन आठवड्यांपर्यंत पुन्हा पाठवता येत नाही. फुकट खात्यात माणसं शोधायलाही मासिक मर्यादा आहे, ती दर महिन्याच्या १ तारखेला नव्याने सुरू होते. मोठा शोध महिन्याच्या सुरुवातीला ठेवलेला बरा.

निमा आणि आयमा या दोन उद्योग संघटनांतली सक्रिय माणसं जरूर जोडून घ्यावीत. स्थानिक विस्तार, नवं युनिट, प्रदर्शनं यांची बातमी त्यांच्याकडून लवकर कळते. लिंक्डइनवरचे ग्रुप मात्र निर्जीव आहेत, त्यात वेळ घालवू नये.

नोकऱ्यांचा विभाग

नाशिकचं रोमन स्पेलिंग दोन तऱ्हांनी लिहिलं जातं, ‘एच’सह आणि ‘एच’शिवाय. जाहिरातीच्या मजकुरात दोन्ही सापडतात, म्हणून कीवर्डच्या रकान्यात दोन्ही टाकून मध्ये इंग्रजी कॅपिटल अक्षरांत ‘ऑर’ लिहावं. शिवाय सिन्नर, गोंदे, इगतपुरी, दिंडोरी वेगळे शोधावेत. इगतपुरीच्या काही जागा मुंबईच्या कार्यालयाच्या नावावर पडतात. २०२७ च्या सिंहस्थासाठी चाललेल्या रस्ते, पूल, मलनिस्सारणाच्या कामांचंही तसंच. सल्लागार कंपनी बाहेरची असते, जाहिरातीत ठिकाण तिच्या मुख्य कार्यालयाचं येतं. सिव्हिलवाल्यांनी ‘क्यूएस’ (क्वांटिटी सर्व्हे), ‘बिलिंग’, ‘एसटीपी’ (सांडपाणी प्रक्रिया केंद्र) या शब्दांबरोबर नाशिक हा कीवर्ड लावून शोधावं.

तारखेचा गाळणा ‘शेवटचे २४ तास’ ठेवावा आणि रोजचा अलर्ट लावावा. पंधरा दिवसांपूर्वीच्या जाहिरातीत रिक्रूटरकडे पुरेशी नावं जमलेली असतात, नवी कुणी उघडतही नाही. ‘शंभरहून अधिक लोकांनी अप्लाय क्लिक केलं’ हे वाचून मात्र माघार घेऊ नये. कंपनीच्या संकेतस्थळावर नेणाऱ्या जाहिरातींत तो आकडा बटण दाबणाऱ्यांचा असतो, पूर्ण अर्ज भरणाऱ्यांचा नाही.

‘ईझी अ‍ॅप्लाय’चा धोका असा की आधी चढवलेला सीव्ही आपोआप निवडलेला असतो. मेंटेनन्सच्या जागेला क्वालिटीचा सीव्ही जातो तो यामुळे. पाठवायच्या आधी फाइलचं नाव वाचावं. प्रोफाइलची पीडीएफ काढता येते, पण ती लांबलचक आणि विस्कळीत येते. सीव्ही म्हणून ती देऊ नये.

इथं स्पष्ट सांगायला हवं की आयटीआय फिटर, ऑपरेटर, हेल्पर यांच्यासाठी लिंक्डइनचा उपयोग फार कमी. त्या जागा कंपनीच्या गेटवरचा बोर्ड, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, कंत्राटदार आणि शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवरून भरल्या जातात. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या अनुभवासाठी आणि मध्यम आकाराच्या पुरवठादार कंपन्यांसाठी नोकरी डॉट कॉम अजूनही जास्त फोन मिळवून देतं. तिथं प्रोफाइल थोडं बदलून सेव्ह केलं की ते ताजं धरलं जातं, एवढं आठवड्यातून एकदा केलं तरी पुरतं. लिंक्डइनचा खरा फायदा त्यापुढे, म्हणजे बहुराष्ट्रीय कंपन्या, मॅनेजरच्या वरच्या जागा, परदेश आणि क्षेत्रबदल यांत दिसतो.

पोस्ट: काय टाकावं आणि काय अजिबात टाकू नये

महिन्यातून दोन पोस्ट पुष्कळ झाल्या. उपयोगी पोस्ट म्हणजे एका तांत्रिक अडचणीचं टिपण: बर (कापलेल्या धातूच्या कडेला राहणारा खरखरीत भाग) येत होता, कारण काय निघालं, काय बदललं. पोस्टला ३००० अक्षरांची मर्यादा आहे, पण आकृत्या असतील तर पाच-सहा पानांची पीडीएफ ‘डॉक्युमेंट’ म्हणून टाकावी. लोक पान उलटत वाचतात आणि नंतर ती ‘फीचर्ड’मध्ये प्रोफाइलवर टिकवता येते. रिक्रूटर तुमच्या प्रोफाइलवर आला की त्याला तेच आधी दिसतं. भाषेचं म्हणाल तर स्थानिक युनिटमालक, व्हेंडर, शेतकरी वाचणार असतील तर मराठीत लिहावं, त्याला प्रतिसादही मनापासून येतो. पुण्याच्या डिझाइन ऑफिससाठी लिहीत असाल तर इंग्रजीत.

दुसऱ्याच्या पोस्टखालची नेमकी कमेंट स्वतःच्या पोस्टपेक्षा कमी मेहनतीत जास्त देते. प्लँट हेडने हायड्रॉलिक गळतीवर लिहिलं असेल, तर सील कशाचं, तापमान किती, असा प्रश्न विचारावा. ‘अभिनंदन सर’ने ओळख होत नाही.

आता न टाकण्याच्या गोष्टी. यावर नाशिकमध्ये फार हलगर्जीपणा चालतो आणि त्यात नोकऱ्या जातात. शॉप फ्लोअरवरच्या सेल्फीमागे ग्राहकाचं ड्रॉइंग टांगलेलं असतं. टायटल ब्लॉकमध्ये पार्ट नंबर आणि रिव्हिजन वाचता येतो. बाजारात न आलेल्या गाडीचा पार्ट ट्रॉलीवर दिसतो. मागच्या बोर्डवर त्या दिवसाचं रिजेक्शन लिहिलेलं असतं. पुरवठादार आणि ग्राहक यांच्यात गोपनीयतेचा करार असतो आणि अशा एका फोटोने तो मोडतो. मोजावं लागतं ते फोटो टाकणाऱ्याला. यंत्राचा फोटो हवाच असेल, तर उत्पादकाच्या माहितीपत्रकातलं मॉडेलचं नाव लिहावं, फोटो वगळावा. ओझरला विमानं बनवणाऱ्या एचएएलमध्ये किंवा नाशिकरोडच्या नोटा आणि मुद्रांक छापणाऱ्या दोन्ही सरकारी मुद्रणालयांत काम करणाऱ्यांनी तर आतल्या कामाबद्दल काहीच लिहू नये. तिथं १९२३ चा शासकीय गुपिते कायदा लागू होऊ शकतो. त्यांनी शिक्षण, प्रमाणपत्रं आणि सर्वसाधारण कौशल्यं एवढ्यावर थांबावं. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम आहेतच.

वकील, सीए आणि डॉक्टर यांची अडचण वेगळी. बार कौन्सिलचा नियम ३६ वकिलांना जाहिरात करू देत नाही. सनदी लेखापालांना १९४९ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे काम मागता येत नाही. डॉक्टरांवर २००२ च्या आचारसंहितेची बंधनं आहेत. कायद्यातला बदल समजावून सांगणं चालतं. ‘संपर्क साधा, पहिला सल्ला मोफत’ हे चालत नाही. त्यांनी मजकूर माहितीपुरता ठेवावा आणि ग्राहकांची प्रशस्तिपत्रं टाकू नयेत.

द्राक्षं आणि वाइनवाल्यांसाठी

या क्षेत्रात लिंक्डइनचं मोल कारखान्यांपेक्षाही जास्त आहे, कारण गिऱ्हाईकच परदेशात बसलेलं असतं. युरोपात जाणारी आपली बरीच द्राक्षं आधी नेदरलँड्समध्ये उतरतात आणि तिथल्या आयातदार कंपन्यांतले खरेदी करणारे लिंक्डइनवर असतात. पॅकहाउस मॅनेजर, अ‍ॅग्रोनॉमिस्ट, निर्यात अधिकारी यांनी प्रोफाइलवर वाणांची नावं (थॉमसन, क्रिमसन), ग्लोबल गॅप (शेतीपद्धतीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र), अपेडा या निर्यात संस्थेचं ग्रेपनेट, एमआरएल (कीडनाशकाच्या अवशेषांची कमाल मर्यादा) आणि रेसिड्यू म्हणजे अवशेषांची चाचणी हे शब्द आणावेत. कंपनीच्या पानावर ग्लोबल गॅपचा १३ अंकी जीजीएन क्रमांक द्यावा. खरेदीदाराला तो स्वतः तपासता येतो आणि शंभर फोटोंपेक्षा त्यावर जास्त भरवसा बसतो.

पोस्टचा हंगाम छाटणीशी बांधावा. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर फवारणीचं वेळापत्रक आणि रेसिड्यूचं नियोजन यावर लिहिलं, तर जानेवारीत कंटेनर भरायच्या आधी खरेदीदाराच्या डोळ्यांखालून ते गेलेलं असतं. मार्चमध्ये घडांचे फोटो टाकून उपयोग नाही, तोवर सौदे ठरलेले असतात. वाइनरीत काम करणाऱ्यांनी बाटलीची जाहिरात टाळून प्रक्रियेवर लिहावं: शेनिन ब्लां या द्राक्षाची तोडणी किती ब्रिक्सला (साखरेच्या प्रमाणाला), आंबवणी किती तापमानाला. मद्याच्या जाहिरातीवरच्या बंधनांत अडकायला नको आणि परदेशातल्या हंगामी सेलरच्या जागांसाठीही हाच तपशील विचारला जातो.

प्रीमियम घ्यावं का

प्रीमियम म्हणजे पैसे भरून घ्यायचं खातं. बहुतेकांनी ते घेऊ नये. पात्र खात्यांना एक महिना फुकट चाचणी मिळते. ती कुतूहलापोटी वाया न घालवता नोकरीचा शोध जोरात असेल त्या महिन्यासाठी राखून ठेवावी. करिअर योजनेत महिन्याला पाच इनमेल, म्हणजे ओळख नसलेल्यांनाही पाठवता येणारे मेसेज, मिळतात. समोरच्याने ९० दिवसांत उत्तर दिलं तर ते क्रेडिट परत येतं. प्रोफाइल कुणी पाहिलं याची पूर्ण यादी आणि लिंक्डइन लर्निंग हेही त्यात येतं. पाच इनमेल पाच नेमक्या माणसांना पाठवले तर महिना सार्थकी लागतो. चाचणी संपण्याच्या किमान एक दिवस आधी रद्द करावी, नाहीतर पैसे कापले जातात. आयफोनच्या अ‍ॅपमधून घेतली असेल तर ती अ‍ॅपलच्या सबस्क्रिप्शनमधूनच रद्द होते.

प्रतिस्पर्धी कंपनीतल्या माणसांची प्रोफाइल पाहायची असतील, तर आधी खाजगी मोड लावावा. फुकट खात्यात खाजगी मोड असेपर्यंत आपल्याला कोण पाहून गेलं हेही दिसत नाही, एवढी किंमत द्यावी लागते.

बनावट नोकऱ्या

लिंक्डइनची सर्वांत कच्ची बाजू ही. नाशिकमधल्या मोठ्या प्लँटचं नाव, लोगो, खोटा एचआर, आणि शेवटी ‘गेटपास डिपॉझिट’ किंवा ‘लॅपटॉपची अनामत’ म्हणून काही हजार रुपये. खरी कंपनी नोकरीसाठी पैसे घेत नाही, हा नियम अपवादाविना पाळावा. समोरच्याच्या प्रोफाइलवर ‘अबाउट धिस प्रोफाइल’ उघडलं की खातं कोणत्या महिन्यात सुरू झालं ते दिसतं. गेल्याच महिन्यात उघडलेलं खातं आणि पंधरा वर्षांचा एचआर अनुभव, म्हणजे काय ते समजून घ्यावं. ईमेल कंपनीच्या डोमेनवरून आलाय का पाहावं आणि प्लँटच्या अधिकृत क्रमांकावर फोन करून विचारावं. बोलणं टेलिग्रामवर न्यायला सांगितलं तर तिथंच थांबावं. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता कमी. आपल्या बाजूने डिजिलॉकरमार्फत ओळख पडताळून घेतली तर नावापुढे खूण येते. फुकट आहे, करून टाकावी. जॉइनिंग लेटर किंवा आयकार्डचा फोटो मात्र पोस्ट करू नये. हे ठग खोटी पत्रं बनवतात ती तेच पाहून.

शेवटची बाब खात्याची. बऱ्याच जणांनी लिंक्डइन कंपनीच्या ईमेलवर उघडलेलं असतं. राजीनाम्याच्या दिवशी तो ईमेल बंद होतो आणि पासवर्ड आठवत नसेल तर अनेक वर्षांच्या ओळखी अडकतात. सेटिंग्जमध्ये स्वतःचा जीमेल आणि मोबाइल जोडून जीमेल ‘प्रायमरी’ करावा, टू-स्टेप पडताळणी लावावी आणि ‘गेट अ कॉपी ऑफ युअर डेटा’मधून कनेक्शनची फाइल उतरवून घ्यावी. हे सगळं राजीनामा देण्याच्या आधी करायचं. नोटिस पीरियडमध्ये काही कंपन्या ईमेल पहिल्याच दिवशी काढून घेतात.